कोर्टाच्या बातम्यांतलं ‘डिनॉमिनेशन’ म्हणजे काय?

देवस्थानाचा वाद पारावरून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेला, की वकिलाच्या अर्जात एक शब्द हमखास डोकावतो: ‘रिलिजस डिनॉमिनेशन’. शबरीमलाच्या बातम्यांत तो होता, बोहरा समाजातल्या बहिष्काराच्या खटल्यातही होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे धर्मस्वातंत्र्याचे सात प्रश्न ठेवले, त्यातही तो आहे. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र कोणी त्याचा अर्थ धर्म असा घेतं, कोणी पंथ, तर कोणी सरळ जात. समोरचा दुसऱ्याच अर्थाने बोलतोय हे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि वाद रंगत जातो.

आमच्या खान्देशात पंथांना काही तोटा नाही. सावदा-भुसावळला स्वामिनारायण आहे, फैजपूरला सतपंथ आहे, महानुभावांचे आश्रम ठिकठिकाणी आहेत. मुक्ताईनगरहून दरवर्षी पालखी पंढरीला निघते. तळोद्याकडे गुला महाराजांचा आप संप्रदाय आहे, नवापूर-नंदुरबार पट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्या आहेत. यातलं ‘डिनॉमिनेशन’ कोण आणि तसं ठरल्याने मिळतं काय, हा प्रश्न आपल्याकडे नुसता पुस्तकी नाही.

आधी बँकेच्या स्लिपकडे वळू

हा शब्द आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त देवळात नव्हे. बँकेत रोख भरायची स्लिप आठवा. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, असे रकाने असतात आणि वर छापलेलं असतं ‘डिनॉमिनेशन’. नोटा सगळ्या एकाच रिझर्व्ह बँकेच्या, चलन एकच रुपया. पण प्रत्येक नोटेला आपलं नाव, आपला रंग, आपली किंमत. धर्माच्या बाबतीतही शब्दाचा मूळ अर्थ इतकाच आहे. एका मोठ्या धर्माच्या आत, आपलं वेगळं नाव असलेला गट. लॅटिनमधल्या ‘नाव’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला आहे. (२०१६ च्या नोटबंदीला इंग्रजी वर्तमानपत्रं म्हणायची ते ‘डिमॉनेटायझेशन’. तो शब्द निराळा, त्याचा इथे संबंध नाही. पण गल्लत करणारे मी पाहिले आहेत, त्यात एक बँकवालेही होते.)

इंग्रजीत धर्माच्या अर्थाने हा शब्द रुळला तो प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमुळे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, लुथेरन ही सगळी डिनॉमिनेशन्स. ख्रिस्त एक, बायबल एक; पण बाप्तिस्मा कधी द्यायचा, मंडळीचा कारभार बिशपने पाहायचा की निवडलेल्या वडिलांनी, अशा गोष्टींवर वाटा वेगळ्या. शब्दात एक सौजन्यही आहे. ‘सेक्ट’ म्हटलं की फुटून निघाल्याचा वास येतो, ‘कल्ट’ म्हटलं की संशय येतो. ‘डिनॉमिनेशन’ म्हणणारा मात्र समोरच्याला आपल्यासारखाच धर्मबंधू मानतो. नवापूरकडे दोन अनोळखी ख्रिस्ती कुटुंबं लग्नात भेटली, की ‘तुमची मंडळी कोणती?’ हा प्रश्न येतोच. तो याच अर्थाचा.

डिनॉमिनेशन्स फुटतात तशी जुळतातही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभी राहिली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन असे कालपर्यंत निराळे असलेले लोक एका नावाखाली आले. मेथडिस्टांचा एक मोठा गट मात्र बाहेरच राहिला.

हा चर्चचा शब्द आपल्या घटनेत कसा आला?

१९३७ च्या आयर्लंडच्या घटनेत एक कलम आहे. प्रत्येक धार्मिक डिनॉमिनेशनला आपला कारभार पाहण्याचा, स्थावर-जंगम मालमत्ता बाळगण्याचा आणि धार्मिक वा धर्मादाय संस्था चालवण्याचा हक्क आहे, असं ते सांगतं. आपल्या घटनेचं कलम २६ त्याच्या शेजारी ठेवून वाचलं तर नातं लगेच दिसतं. मराठी घटनेत यासाठी ‘धार्मिक संप्रदाय’ हे शब्द वापरले आहेत.

कलम २६ मध्ये हक्क चार: संस्था स्थापून चालवणं, धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहणं, मालमत्ता घेणं आणि त्या मालमत्तेची व्यवस्था कायद्यानुसार करणं. शेवटचे ‘कायद्यानुसार’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, निम्मे खटले तिथेच अडतात. शेजारच्या कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य एकेका माणसाचं आहे. कलम २६ मधलं गटाचं आहे.

इथे एक अडचण होती. आयर्लंडमध्ये डिनॉमिनेशन म्हणजे सदस्यांची यादी, बिशप, कचेरी असलेली संस्था. आपल्याकडे माणूस घरी खंडोबाचा कुळाचार करतो, गळ्यात तुळशीची माळ घालतो, श्रावणात कानबाई ही खान्देशी देवी बसवतो आणि चैत्रात सप्तशृंगीला जातो. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं?

कोर्टाने मग कसोटी काय लावली?

उडुपीच्या आठ मठांपैकी एक, शिरूर मठ, याने मद्रास सरकारच्या कायद्याला आव्हान दिलं होतं आणि १९५४ साली त्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. (हे शिरूर म्हणजे आपलं पुण्याकडचं नव्हे.) तिथे कोर्टाने चक्क ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडला आणि त्यातला अर्थ निकालात उतरवला. तोच पुढे कायदा होऊन बसला. त्यावरून तीन गोष्टी ठरल्या आणि १९८२ च्या ऑरोविलच्या निकालाने त्या पक्क्या केल्या. गटाची समान श्रद्धा हवी, समान संघटन हवं आणि वेगळं नाव हवं. तिन्ही हवीत, दोनांवर भागत नाही.

ऑरोविलचं प्रकरण मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. पुद्दुचेरीजवळची ऑरोविल ही वसाहत केंद्राने १९८० मध्ये कायदा करून ताब्यात घेतली. श्री अरविंदांच्या नावाची सोसायटी म्हणाली, आम्ही धार्मिक संप्रदाय आहोत, कलम २६ आमचं रक्षण करतं. कोर्टाने सोसायटीचेच कागद पाहिले. सदस्यत्व कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या माणसाला खुलं होतं. बहुमताने निकाल दिला की अरविंदांचा विचार हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींना हे पटलं नाही आणि त्यांनी वेगळं मत नोंदवलं. अमळनेरच्या माणसाला हा वाद परका वाटू नये. आमच्याकडे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. नावात मंदिर आहे, पण तिथे नारळ फोडायला कोणी जात नाही.

शबरीमलाच्या मंदिरात बायकांना प्रवेश द्यायचा का, या खटल्यातही हाच प्रश्न होता. अय्यप्पाचे भक्त एक्केचाळीस दिवसांचं व्रत करतात, काळे कपडे घालतात, एकमेकांना स्वामी म्हणतात. तेवढ्याने तो संप्रदाय होतो का? सप्टेंबर २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने कोर्ट म्हणालं, नाही होत. हे भक्त एरवी हिंदूच आहेत, शिवाय इतर धर्मांचे लोकही तिथे दर्शनाला येतात. एकट्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं मत उलट होतं. आपल्याकडची कानबाई यावरून तपासून पाहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी मिरवून तिचं विसर्जन होतं, आणि रोटांचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. नियम किती कडक! पण कानबाई बसवणाऱ्यांचा निराळा सिद्धान्त नाही, गादी नाही, संघटन नाही. व्रत कितीही कडक असलं तरी ते संप्रदाय होत नाही.

खान्देशातले पंथ या कसोटीला किती उतरतात?

खाली जे लिहितो ते माझं मत आहे, कोर्टाचा निकाल नव्हे.

महानुभाव मला तिन्ही अटींत बसताना दिसतात. चक्रधर स्वामींचा सिद्धान्त आहे, पंचकृष्णांवरची श्रद्धा आहे, उपदेश घेतल्याशिवाय कोणी पंथाचा होत नाही, आम्नाय म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखा आहेत, महंत आहेत. ‘दंडवत प्रणाम’ एवढ्यावरून बाजारात माणूस ओळखू येतो. स्वामिनारायणाचंही तसंच. गादी आहे, आचार्य आहेत, दीक्षा आहे. आप संप्रदाय १९३० च्या दशकात भिल्लांमध्ये उभा राहिला. दारू सोडायची, स्वच्छ राहायचं, सगळ्यांनी जमून आरती म्हणायची, असा त्याचा आचार. त्याला नाव आहे आणि श्रद्धाही आहे. संघटनाचा पुरावा कोर्टात कसा उभा करायचा, एवढाच प्रश्न उरेल.

वारकऱ्यांचं काय? इथे गंमत आहे. महाराष्ट्रात संप्रदाय म्हटलं की पहिलं नाव वारकऱ्यांचंच निघतं. पण माळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही. घातली की झाला वारकरी. फड आहेत, दिंड्या आहेत, दिंडीत चालण्याचा क्रम ठरलेला आहे, तो मोडला तर भांडणंही होतात. पण साऱ्यांवर चालेल अशी एक गादी नाही. मुक्ताईच्या पालखीबरोबर तापीकाठाहून निघालेला माणूस पंढरीला पोचेपर्यंत त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं. शब्दकोशातली कसोटी काटेकोर लावली तर वारकरी संप्रदायाची दुसऱ्या अटीवर ओढाताण होईल. मला यात दोष कसोटीचा वाटतो, वारकऱ्यांचा नाही.

जातीच्या देवळांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. एखाद्या समाजाने वर्गणी काढून देऊळ बांधलं म्हणून तो समाज संप्रदाय होत नाही. २००३ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लाळ समाजाला कोर्टाने हेच सांगितलं. पण १९५७ मध्ये दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या मुल्कीचं व्यंकटरमण देऊळ गौड सारस्वतांचं सांप्रदायिक देऊळ म्हणून मान्य झालं होतं. तेव्हा ‘आमच्या समाजाचं देऊळ’ एवढ्या जोरावर कोणी कोर्टाची पायरी चढू नये.

‘वेगळा संप्रदाय म्हणजे वेगळा धर्म झाला ना?’

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. पाचशेची नोट वेगळी आहे म्हणून ती डॉलर होत नाही. संप्रदाय धर्माच्या आतच असतो.

हे दोन खटल्यांतून चांगलं कळतं. पश्चिम बंगालमध्ये रामकृष्ण मिशनने म्हटलं, आमचा धर्म निराळा, आम्ही अल्पसंख्याक, म्हणून आमचं कॉलेज चालवण्याचा खास हक्क आम्हाला द्या. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही हिंदू धर्मातला संप्रदाय जरूर आहात, अल्पसंख्याक धर्म नाही. अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक संस्थांचा हक्क कलम ३० मध्ये येतो आणि संप्रदायाचा कलम २६ मध्ये. दोन्हींत गल्लत करू नये.

दुसरा खटला अहमदाबादचा. १९४८ मध्ये तिथल्या स्वामिनारायण मंदिराच्या काही सत्संगींनी दावा लावला की आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा मुंबईचा कायदा आम्हाला लागू नाही. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला. हिंदू धर्म म्हणजे काय यावर त्या निकालात त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

‘संप्रदाय ठरलो तर कोणाला आत घ्यायचं ते आम्हीच ठरवू?’

तेही पुरतं खरं नाही. कलम २५ मध्येच लिहिलं आहे की सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवळं हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुली करणारा कायदा राज्य करू शकतं. मुल्कीच्या त्या १९५७ च्या खटल्यात दोन कलमं समोरासमोर आली. कोर्टाने देवळाला संप्रदायाचं मानलं, तरी दार सगळ्यांना उघडायला लावलं. काही विशेष विधींच्या वेळी फक्त संप्रदायाच्या लोकांना बसू द्यावं, एवढी मुभा राहिली.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, तेव्हा हे कलम अजून लिहून व्हायचं होतं. विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं ते आधी लोकांच्या रेट्याने. घटना नंतर आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली ‘कोर्टाने आमच्यावर लादलं’ अशी भाषा ऐकू येते.

‘मग सरकारने देवळाला हात लावायचा की नाही?’

इथे ‘धर्माची बाब’ आणि ‘व्यवहाराची बाब’ वेगळी काढावी लागते. पूजा कोणती, नैवेद्य काय, उत्सव कसा, हे संप्रदायाचं. जमीन कोणाच्या नावावर, दानपेटी कोणी मोजली, हिशेब तपासून घेतला का, हे कायद्याचं. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचे अधिकार त्यातूनच येतात. त्याला एका जैन विश्वस्ताने आव्हान दिलं होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी, हिशेब, तपासणी हे सगळं योग्य ठरवलं. धार्मिक ट्रस्टवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद मात्र काढून टाकली.

जानेवारी २०१४ मध्ये दोन मोठे निकाल पाठोपाठ आले. चिदंबरमच्या नटराज मंदिरातले पुजारी, दीक्षितर, यांना संप्रदाय मानलं गेलं. सरकारने घेतलेला कारभार त्यांना परत मिळाला. कोर्टाचं म्हणणं असं की गैरव्यवस्था झाली तर सरकारने सुधारण्यापुरता हात घालावा, कायमचं ठाण मांडू नये. त्याच महिन्यात पंढरपूरच्या बडवे-उत्पातांची याचिका फेटाळली गेली. तिथे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हक्कांचा होता, ते १९७३ च्या कायद्याने संपवले होते आणि कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ‘दक्षिणेत एक न्याय, आपल्याकडे दुसरा’ अशी तक्रार तेव्हा खूप ऐकली. पण संप्रदाय असणं निराळं आणि वंशपरंपरेने चालत आलेली सेवा निराळी.

पंथातून कोणाला काढून टाकता येतं का?

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी मुघलांच्या खान्देश सुभ्याचं ते ठाणं. तिथल्या दर्गा-ए-हकीमीला देशभरातले दाऊदी बोहरा येतात. त्यांच्या धर्मगुरूंनी १९४९ च्या मुंबई बहिष्कारबंदी कायद्याला आव्हान दिलं होतं. १९६२ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला. बहिष्कार घालून शिस्त राखणं हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असं बहुमत म्हणालं. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र विरोधात मत दिलं. बहिष्कृत माणसाला नातेवाइकांच्या मयतीलाही उभं राहता येत नाही, हे डोळ्यांसमोर आणलं तर त्यांचा विरोध समजतो. मला स्वतःला १९६२ चं बहुमत पटत नाही.

पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जातपंचायतींनाही लागू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी बोहरांचा जुना निकाल तपासण्याचं काम शबरीमलाच्याच नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे धाडलं.

त्या पीठापुढच्या प्रश्नांतला एक थेट आपल्या विषयाचा आहे. कलम २६ वर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढीच बंधनं लिहिली आहेत. संप्रदायाने समानतेचा हक्कही पाळला पाहिजे का? बहिष्कृत बोहऱ्यापासून शबरीमलाच्या पायऱ्यांवर थांबवलेल्या बाईपर्यंत सगळ्यांचं भांडण त्या एका ओळीशी येऊन थांबतं.

आपल्या गावच्या ट्रस्टला यातून काय घ्यायचं?

धर्मादाय कचेरीतल्या नोंदवहीत ट्रस्टच्या क्रमांकाला अक्षर असतं: हिंदूंसाठी ए, मुसलमानांसाठी बी, नोंदणीकृत संस्थांसाठी एफ. ए अक्षर मिळालं म्हणून कोणी संप्रदाय ठरत नाही, कारण ते अक्षर धर्म सांगतं, पंथ सांगत नाही. संप्रदाय असल्याचं सिद्ध करण्याचं ओझं तसा दावा करणाऱ्याच्या डोक्यावर असतं. त्यासाठी जुना ट्रस्ट डीड लागतो, मठाची गुरुपरंपरा लागते, सदस्य कसा होतो याचे नियम लागतात.

आणि ऑरोविलच्या सोसायटीला आड आला तो सदस्यत्वाचा नियम आपल्याकडच्या ट्रस्टमध्येही सर्रास सापडतो: ‘जात, धर्म, पंथ न पाहता सर्वांसाठी खुले’. नोंदणीच्या वेळी कोणीतरी छापील नमुन्यावरून उतरवलेलं असतं. वाक्य चांगलं आहे, ते खोडावं असं मी म्हणणार नाही. पण विश्वस्तांच्या बैठकीत कोणी ‘आपण स्वतंत्र संप्रदाय आहोत, कोर्टात जाऊ’ असं म्हणाला, तर आधी कपाटातून शेड्यूल-वनचा (धर्मादाय कचेरीतल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा आणि ट्रस्ट डीड काढा, उद्देश आणि सदस्यत्व ही दोन कलमं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि मगच वकिलाची फी ठरवा.